बोळा झालेली खुर्ची

१

चोरी उघडकीला आली ती एका दाताच्या डॉक्टरमुळे.

डॉक्टरांनी दवाखान्यासाठी एक गोल स्टूल मागवलं होतं. खोकं उघडलं तर स्टुलाच्या पायांभोवती कागदाचे बोळे कोंबलेले. दुसऱ्याच्या तोंडात डोकावून पोट भरणारा माणूस, तो बोळ्यात डोकावल्याशिवाय राहील कसा? त्यांनी एक बोळा उलगडला, मांडीवर घासून सपाट केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ्याच्या ऑफिसात हजर झाले.

"साहेब, तुमची नवी खुर्ची झकास दिसतेय हो! बाजारात कधी येणार?"

बाळ्यानं कागद बघितला आणि किंकाळी फोडली. त्या किंकाळीनं रस्त्यापलीकडच्या घड्याळजीची सगळी घड्याळं एकदम थांबली असं म्हणतात. घड्याळजीला विचारलं तर तो नुसता हसतो, पण नाही म्हणत नाही.

बाळ्या म्हणजे पंचावन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, खुर्च्यांचा कारखानदार. कागदावर होती त्याची नवी खुर्ची. दोन वर्षं जिवापाड लपवलेली. बसणाऱ्याची पाठ जशी हलेल तशी हलणारी. मापांसकट, स्क्रूंसकट, वर बाळ्याच्या कारखान्याचं नाव आणि लाल अक्षरात 'गुप्त' असं लिहिलेली.

आणि स्टूल आलं होतं कुठून? वरच्या मजल्यावरून. म्हणजे साडूकडून.

बाळ्याची बायको थोरली, साडूची बायको धाकटी. दोघी सख्ख्या बहिणी. एके काळी दोघे साडू भागीदार होते. खुर्चीला हात असावेत की नसावेत यावरून एकदा जुंपली आणि धंद्याचे दोन तुकडे झाले. हातवाले वर गेले, बिनहाताचे खाली राहिले. तेव्हापासून ते जिन्यात समोरासमोर आले तरी भिंतीकडे बघत. बहिणी मात्र त्याच जिन्यात रोज तासन्‌तास गप्पा छाटत.

बाळ्या तरातरा ड्रॉइंगवालीच्या टेबलाशी गेला. ऑफिसातली सगळी चित्रं हीच मुलगी काढायची, आणि नवी खुर्ची फक्त तिच्या कॉम्प्युटरवर होती. शिवाय इथे येण्याआधी ती वर, साडूकडे नोकरीला होती.

"किती मिळाले?"

"कशाचे किती, साहेब?"

बाळ्यानं कागद आपटला. तिनं तो बघितला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"हा माझाच आहे. पण मी नाही दिला कोणाला."

"मग काय पाय फुटले त्याला? जिना चढून वर गेला?"

तिनं कागद उलटसुलट करून बघितला.

"संध्याकाळपर्यंत कबूल हो आणि चालती हो. नाहीतर मीच हाकलतो, आणि का हाकललं ते गावभर सांगतो."

खुर्च्यांची चित्रं काढण्याचं काम देणारी ऑफिसं त्या शहरात दोनच होती, एक खाली आणि एक वर. चोर म्हणून खालून निघाली की तिला वर तरी कोण उभं करणार?

थोरली हे दारातून ऐकत होती. ती मागच्या खोलीत गेली आणि दबक्या आवाजात फोनवर बोलली, "आत्याबाई, जेवत असाल तर हात धुवा आणि या. आमचे हे एका लेकराच्या जन्माचं नुकसान करायला निघालेत."

२

आत्याबाई बाळ्याच्या सख्ख्या आत्या. उभं आयुष्य त्यांनी विमा कंपनीत काढलं होतं. कुठे आग लागली, माल बुडाला, की "खरंच का हो?" एवढंच विचारायला कंपनी त्यांना पाठवी. आगीत खाक झालेल्या गोदामांतला माल त्यांनी इतक्या वेळा दुसऱ्या गोदामात जिवंत शोधून काढला होता, की त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी तीन गोदामवाल्यांनी एकमेकांना पेढे वाटले. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नसे, आणि ते त्या लपवतही नसत.

"बाळ्या, आधी चहा सांग. मग बोंबल."

"आत्या, चोर समोर बसलाय आणि तुला चहा सुचतोय?"

"चोर समोर बसलाय म्हणतोस ना? मग पळतोय कुठे? सांग चहा."

आत्याबाईंनी कागद हातात घेतला. मापं बघितली नाहीत, चित्र बघितलं नाही. फक्त घड्यांवर बोट फिरवत राहिल्या.

"बाळ्या, तू कधी दागिना चोरलास?"

"मी कशाला चोरीन!"

"समज चोरलास. त्याचा बोळा करून स्टुलाच्या पायात कोंबशील?"

बाळ्यानं तोंड उघडलं, आणि चहा पिऊन मिटलं.

"ज्यानं हा चुरगळला त्याला ही रद्दी वाटली. म्हणजे वर तुझी खुर्ची कोणाला नकोच आहे रे."

हे ऐकून बाळ्याला चोरीपेक्षाही जास्त लागलं.

आत्याबाई स्टूल ओढून ड्रॉइंगवालीशेजारी बसल्या. मुलीनं टेबलाचा खण रिकामा करायला घेतला होता.

"घरी सांगितलंस?"

"काय सांगू? आईला वाटतं मी इथली साहेबीण आहे."

"मग इतक्यात नको सांगूस. हे चित्र कागदावर कितीदा काढलंस?"

"खूपदा. रोज काहीतरी बदलतं. कारखान्यातल्या लोकांना कागदच लागतो." ती एकदम उसळली. "आणि हा मेला प्रिंटर! एक कागद मागितला की हा हूं की चूं करत नाही. कॉम्प्युटर म्हणतो पाठवला. जाऊन बघावं तर ट्रे रिकामा. ऐतखाऊ, कामचोर, दळभद्री!"

"मग काय करतेस?"

"परत देते. दुसऱ्यांदा देतो गुपचूप." ती ओशाळून हसली. "हसाल तुम्ही. पण बसून दिलं की तो देत नाही, उभं राहून दिलं की देतो. त्याला मान लागतो. आता मी उभी राहूनच देते. घाईत विसरले की बसतो फटका."

आत्याबाई हसल्या नाहीत.

"कधीपासून असा मानपान?"

"महिना झाला असेल. ही खुर्ची आली त्याच सुमाराला."

ती बसली होती ती खुर्ची म्हणजे तीच गुप्त खुर्ची, जगातली पहिली आणि एकुलती एक. दिवसभर बसून बघ, कुठे दुखतं ते सांग, असा बाळ्याचाच हुकूम होता. पाच चाकं, जाडजूड लोखंडी पाया. वजन इतकं की ती वर्कशॉपमधून आणताना हातगाडीच बसली, असं हमाल सांगत.

"बरं," आत्याबाई म्हणाल्या. "तू खण आवरू नकोस. नेहमीसारखं काम कर. बसून."

"आणि साहेब?"

"त्याला मी लहानपणी कोपऱ्यात उभं केलेलं आहे. अजून करता येईल."

३

दोन्ही मजल्यांवर तारा ओढणारा, यंत्रं बसवणारा माणूस एकच होता. त्याला सगळे नेटवाला म्हणत. तो आला तोच हात वर करून.

"आजी, मी काही केलेलं नाही."

"आजी म्हणालास हेच पुष्कळ केलंस. आत्याबाई म्हण. वरचं आणि खालचं काम तूच बघतोस?"

"दोन्हीकडे. पण इकडचं तिकडे अजिबात नाही हं! दोघांच्या तारा वेगळ्या, नेटचे डबे वेगळे. खाली तर साहेबांनी वायरलेस लावूच दिलं नाही. म्हणाले, माझं गुपित हवेत सोडायचं नाही, तारेतूनच गेलं पाहिजे."

"आणि प्रिंटर?"

"दोन्हीकडे एकच मॉडेल. मीच दिलेत."

"कॉम्प्युटरला कळतं कसं, कागद कुठे पाठवायचा?"

नेटवाल्याचा चेहरा खुलला. "प्रत्येक यंत्राला नंबर असतो. घराला असतो ना, तसा. मी ज्याच्या ज्याच्याकडे प्रिंटर बसवतो त्याला एकच ठरलेला नंबर देतो. शहरभर! म्हणजे कोणाचाही फोन आला तरी डोकं खाजवावं लागत नाही."

"एकाच नंबराची दोन घरं? पोस्टमन गोंधळत नाही?"

"गल्ल्याच वेगळ्या, आत्याबाई. या गल्लीतला पोस्टमन त्या गल्लीत जातच नाही."

"हं," आत्याबाई म्हणाल्या, आणि जिना चढायला लागल्या.

वर साडू खुर्चीच्या हातांवर हात ठेवून राजासारखा बसला होता. आत्याबाईंना बघून उठला.

"बाळ्यानं पाठवलं ना? सांगा त्याला, त्याची बिनहाताची खुर्ची मला फुकट दिली तरी नको."

"तू ती बघितलीस?"

"कधी? कुठे?" त्याच्या आवाजातली उत्सुकता इतकी खरी होती की आत्याबाईंनी मनातल्या मनात त्याच्या नावावर काट मारली. ज्यानं ताट साफ केलंय तो आज काय शिजलंय असं विचारत नाही.

"तुझा प्रिंटर कुठे असतो?"

"आवाज फार करतो म्हणून पॅकिंगच्या खोलीत टाकलाय. का?"

पॅकिंगच्या खोलीत खोकी, सुतळ्या आणि चिकटपट्ट्या यांचं राज्य होतं. कोपऱ्यात प्रिंटर, त्याच्याखाली मोठी टोपली. खोकी बांधणारा गडी बोळे करत उभा होता. त्याच्या चष्म्याची एक काच फुटलेली होती आणि दुसरी त्यानं सुट्टीच्या दिवसांसाठी राखून ठेवली असावी इतकी धुरकट होती.

"हे कागद कुठून येतात रे?"

"यंत्रातून पडतात, बाई. ज्याचे त्यानं उचलले नाहीत तर संध्याकाळी टोपलीत टाकतो. एरवी बोळ्यांना रद्दी विकत आणायचो, आता महिनाभर आणली नाही. देवाची कृपा."

आत्याबाईंनी टोपलीत हात घातला. खुर्चीची पाठ. खुर्चीचा पाया. पुन्हा पाठ. 'गुप्त', 'गुप्त', 'गुप्त'.

साडू मागून डोकावला आणि जागच्या जागी गार पडला. "आत्याबाई, शपथेवर सांगतो, मी हे आजच बघतोय. ही माझ्या घरात आणून टाकली कोणी?"

तेवढ्यात कोपऱ्यातला प्रिंटर खाकरला. दिवा लुकलुकला. खोलीत त्याच्याजवळ कोणी नव्हतं. कर्र कर्र करत एक कागद बाहेर आला आणि अलगद टोपलीत उतरला.

आत्याबाईंनी तो उचलला. बाळ्याची खुर्ची. कागद अजून गरम होता.

४

"म्हणजे कागद खरंच जिना चढला," आत्याबाई खाली येऊन म्हणाल्या. "बाळ्या, तुझं बोलणं जन्मात पहिल्यांदा खरं ठरलं."

सगळे ड्रॉइंगवालीच्या टेबलाभोवती जमले होते. साडूसुद्धा. तो आणि बाळ्या दोन वेगवेगळ्या भिंतींकडे बघत उभे होते.

"आता ऐका. कागद नेणारा माणूस नाही. माणूस असता तर वर माझ्या डोळ्यांदेखत कागद छापला गेला नसता. या मुलीनं तो इथून पाठवला, आपल्याच प्रिंटरला. नंबर बरोबर, पण गल्ली चुकली. खालचा पोस्टमन वरच्या गल्लीत गेला. नेटवाल्या, तो जाईल कसा?"

"जाणारच नाही. फक्त..." नेटवाला डोकं खाजवायला लागला. "या कॉम्प्युटरच्या पोटात वायरलेसची सोय आहे, जन्मापासून. पण खाली वायरलेसच नाही."

"वर आहे?"

"वर आहे. पण त्याचा पासवर्ड इथे कोणीतरी घालावा लागेल."

सगळ्यांच्या नजरा पुन्हा ड्रॉइंगवालीकडे वळल्या. ती वर नोकरीला होती.

"माझ्या वेळेला वर वायरलेस नव्हतं!" तिचा आवाज फाटला. "मला पासवर्ड कुठून माहीत असणार?"

"कुठून? तिथूनच!" बाळ्या गरजला. "बघ आत्या, शेवटी हिच्यावरच आलं!"

आत्याबाई मात्र मुलीकडे बघत नव्हत्या. इतक्या वर्षांत त्यांना एक कळलं होतं, की आरोप झाला की दोषी माणूस आरोप करणाऱ्याकडे बघतो. आणि ज्याच्या पोटात काहीतरी आहे तो पायाकडे. खोलीत फक्त एकच व्यक्ती पायाकडे बघत होती.

"थोरले," त्या हळूच म्हणाल्या, "सांगतेस का मी सांगू?"

थोरलीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"अहो, मागे एक दिवस इथलं नेट मेलं होतं. तुम्ही बाहेरगावी. संध्याकाळच्या आत गिऱ्हाइकाला ईमेलनं चित्र पोचलं नसतं तर तुम्ही हिला फाडून खाल्लं असतं. पोरगी रडकुंडीला आली होती. मी जिन्यात धाकटीला म्हटलं, दे बाई तुमचा पासवर्ड. ही तोंड धुवायला गेली तेव्हा मीच घातला आणि सांगितलं, आलं बघ नेट. एका संध्याकाळचं काम. मला काय माहीत तो मेला कायमचा चिकटून बसेल!"

"वरच्याचं नेट?" बाळ्या किंचाळला. "माझ्या ऑफिसात?"

"सांगितलं असतं तर तुम्ही घेऊ दिलं असतंत?"

"पासवर्ड काय होता, ताई?" साडूला राहवलं नाही.

"हातच हवेत, सगळं जोडून."

साडूनं मोठ्या समाधानानं मान डोलवली.

"पण आत्याबाई," नेटवाला म्हणाला, "तार जोडलेली असताना कॉम्प्युटर तारेनंच जातो. वायरलेस मागे नुसतं बसून राहतं. रोज असं कसं होईल?"

"रोज नाही. बसून दिलं तेव्हाच. ऊठ गं जरा."

ड्रॉइंगवाली उठली. उठताना नेहमीसारखीच खुर्ची मागे ढकलली.

"आता जमिनीकडे बघा."

भिंतीतून निघालेली निळी तार फरशीवरून आडवी टेबलापर्यंत गेली होती. मध्ये एके ठिकाणी ती पापडासारखी चपटी झाली होती. आत्याबाईंनी खुर्ची पुन्हा पुढे ओढली. लोखंडी पायाचं चाक बरोबर त्या चपट्या जागेवर येऊन बसलं.

नेटवाला मांडी घालून खालीच बसला. "अरे देवा. तुटली नाहीये, लंगडी झालीये. आत्याबाई, प्रत्येक रस्त्याला कॉम्प्युटर मनाशी एक आकडा देतो. आकडा लहान, तो रस्ता आधी. हा आकडा तो वेग बघून आपला आपण ठरवतो. तार धडधाकट असली की तार पहिली. वर चाक आलं की तार रांगायला लागते, तिचा आकडा फुगतो आणि हा शहाणा उडी मारून वायरलेसवर जातो. ती उठली, चाक हटलं, की पुन्हा तारेवर. इंटरनेट दोन्हीकडून मिळतं, म्हणून कोणाला पत्ता नाही."

बाळ्या आपल्या लाडक्या खुर्चीकडे बघत होता. दोन वर्षं त्यानं तिला सगळ्या जगापासून लपवलं होतं, आणि ती स्वतःच रोज उठून वरच्या मजल्यावर आपले फोटो वाटत होती.

५

"हा आकडा माणसाला ठरवता येतो का?" आत्याबाईंनी विचारलं.

"येतो की. तारेला कायमचा लहान, वायरलेसला मोठा. मग तार लंगडी असो की पांगळी, आधी तीच."

"मग आधी का नाही केलंस?"

"साहेब म्हणाले होते, इथे वायरलेस नाहीच. नसलेल्या रस्त्याला आकडा कशाला देऊ?" मग तो जरा वरमला. "आणि ते शहरभर एकच नंबर... तेही बदलतो. आजपासून."

त्यानं खटाखट बटणं दाबली. वरच्या वायरलेसची ओळख त्यानं कॉम्प्युटरला विसरायला लावण्याआधी आत्याबाईंनी त्याला अडवलं.

"थांब. ओळख तशीच राहू दे अजून. चाकही तारेवरच राहू दे. नुसत्या आकड्यानं भागतं का ते बघायचंय मला. साडूबुवा, तू वर प्रिंटरपाशी जा. ड्रॉइंगवाले, बस. बसून दे."

साडू धावत वर गेला. ड्रॉइंगवाली बसली. थोरलीनं डोळे मिटले. बाळ्या आपण काय बघतोय हे कोणाला कळू नये म्हणून छताकडे बघत होता.

तिनं बटण दाबलं.

काहीच झालं नाही. बराच वेळ काहीच झालं नाही. मग कोपऱ्यातला खालचा प्रिंटर घसा खाकरून जागा झाला आणि रांगत रांगत का होईना, एक पूर्ण खुर्ची त्याच्या तोंडातून बाहेर आली.

"वर काही नाही!" जिन्यातून साडूची हाक आली. "आत्याबाई, वर काही नाही!"

थोरलीनं इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद उडाले. मग नेटवाल्यानं वरची ओळख पुसली, तार भिंतीच्या कडेनं फिरवली, आणि आपल्या पिशवीतल्या नव्या तारेचे पैसे न मागता निघून गेला. हे त्या इमारतीच्या इतिहासात पुन्हा घडलेलं नाही.

बाळ्या ड्रॉइंगवालीसमोर येऊन उभा राहिला. त्यानं आधी टेबलावरचे कागद सारखे केले, मग पेन्सिली.

"कोपऱ्यात जातोस की बोलतोस?" आत्याबाई म्हणाल्या.

"चुकलं माझं," बाळ्या म्हणाला. "सगळ्यांसमोर चोर म्हणालो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. तू नव्हतीस. त्या दाताच्या डॉक्टरलाही जाऊन सांगतो."

तिनं मान हलवली आणि खणातल्या वस्तू एकेक करून परत आत ठेवायला लागली.

तेवढ्यात साडू खाली आला. त्याच्या हातात टोपलीतला एक चुरगळलेला कागद होता. आज जन्मात पहिल्यांदा बाळ्याची खुर्ची बघायची परवानगी मिळाल्यासारखा तो कागदात डोकं खुपसून होता.

"पाठीची कल्पना चांगली आहे," तो भिंतीला म्हणाला. "पण स्प्रिंग इथे कोणी लावतं का? सहा महिन्यांत बसेल."

"बसणार नाही," बाळ्या दुसऱ्या भिंतीला म्हणाला.

"बसेल. मी लावून बघितलीय."

"कुठल्या पोलादाची?"

हे विचारताना बाळ्याची मान वळली. साडूचीही वळली. थोरली लगबगीनं धाकटीला हाक मारायला जिन्याकडे पळाली, हे दृश्य चुकू नये म्हणून.

दोघे कागदावर वाकून भांडत असताना ड्रॉइंगवाली आत्याबाईंना दारापर्यंत पोचवायला आली. रडून झालेल्या माणसाचा चेहरा कसा धुतल्यासारखा दिसतो, तसा तिचा दिसत होता.

"आत्याबाई, मी नाही हे तुम्हाला केव्हा कळलं?"

"आल्या आल्या. प्रिंटरला शिव्या दिल्यास तेव्हा. चोराचं आणि यंत्राचं चांगलं जमतं गं. यंत्राकडून चोरी करवून घेतली असतीस तर तू त्याला दळभद्री म्हणाली नसतीस."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत? दिवसभर माझ्या जिवाचं पाणी झालं."

"तू नाहीस एवढं सांगून काय उपयोग होता? 'मग कोण?' याचं उत्तर मिळेपर्यंत माणसं 'ही नाही' मान्य करत नाहीत." आत्याबाईंनी चपला पायात सरकवल्या. "बरं, आईला काय सांगशील आज?"

ड्रॉइंगवालीनं मागे वळून बघितलं. आत बाळ्या साडूला सांगत होता की स्प्रिंगचं काय ते अक्कल असलेल्या माणसाला विचारू, आणि दोघेही तिच्या नावानं हाका मारत होते.

"सांगेन," ती म्हणाली, "की साहेबीण आज जरा उशिरा येईल."